परदेशात राहून घरचंच काम करायचं, तर हिशोब दोन घरांचा मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातला तिशीतला एक तरुण पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. वर्षाचं पॅकेज ३२ लाख. पत्नी बेळगावात शाळेत शिक्षिका, पगार महिना २८ हजार. मुलगा साडेचार वर्षांचा. आईवडील गावी असतात, वडिलांना मधुमेह आहे. बेळगावात घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता ३४ हजार. पावसाळ्यात गावात वीज जाते, नेट जातं, मीटिंग अर्ध्यात तुटते. लिस्बनमध्ये दीड हजार युरोत संसार होतो आणि थायलंडात त्याच्या निम्म्यात, असं त्याच्या कानावर आलंय. त्याला विचारायचंय की कुठे जाऊ, परवडेल का, आणि आयुष्य खरंच बरं होईल का.

बेळगावच्या टिळकवाडीत बसून करसल्ला देणं हा माझा व्यवसाय. इथे राहून बाहेरचा पगार घेणारे आणि बाहेर राहून इथला पगार घेणारे अशा दोन्हींच्या फायली माझ्याकडे असतात. या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचंय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून तो सारखा येतो आणि बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. तिथे घरभाडं किती, जेवण किती, हे आधी बघतात. आधी बघायचं ते हे, की तो देश तुमच्या पगारावर तुम्हाला दारात उभं करतो का.

हिशोबापुरता युरो १०० रुपये, डॉलर ९०, थाई बाथ पावणेतीन आणि मलेशियन रिंगिट २१ रुपये धरू. पोर्तुगालचा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा डी-८ व्हिसा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची अट अशी, की मासिक उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे अट ३४८० युरोंची, साडेतीन लाख रुपयांच्या जवळ. तुमचं पॅकेज बाराने भागलं तर महिना पावणेतीन लाखही होत नाही. म्हणजे लिस्बन स्वस्त की महाग, हा प्रश्न आज तुमच्यापुरता उद्भवतच नाही. उद्भवला तरी दीड हजार युरो हे तिथे दोन खोल्यांच्या घराचं नुसतं भाडं झालं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे चोर्ला घाट उतरला की गोवा. मडगाव-म्हापशाचे मित्र, पाहुणे पोर्तुगालला गेलेले असतात आणि 'सोपं आहे रे' म्हणतात. त्यांचा रस्ता वेगळा. डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि ते घेतलं की भारतीय नागरिकत्व सुटतं. खानापूरच्या माणसाला त्या गोष्टीतून घेण्यासारखं काही नाही.

दुबईच्या वर्षभराच्या दूरस्थ कामाच्या परवान्याला महिना ३५०० डॉलर लागतात. इंडोनेशियाच्या तशाच परवान्याला वर्षाला ६० हजार डॉलर, म्हणजे ५४ लाख. दोन्ही तुमच्या आवाक्याबाहेर. आवाक्यातले तीन देश इथे घेतो. थायलंडचा दूरस्थ काम करणाऱ्यांना चालणारा डीटीव्ही व्हिसा जुलै २०२४ पासून आहे. पाच वर्षांची मुदत, एका वेळी १८० दिवसांचा मुक्काम, आणि खात्यात पाच लाख बाथ, म्हणजे पावणेचौदा लाख रुपये दाखवायचे. मलेशियाचा दूरस्थ कामासाठीचा डीई रंटाऊ पास आयटीवाल्यांना वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्नावर मिळतो, बारा महिन्यांपर्यंत, आणि पुढे आणखी बारा महिने वाढवता येतो. तिसरा मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा. महिना १५०० डॉलर उत्पन्न पुरतं, मुदत वर्षाची आणि शुल्क नाही. या तिसऱ्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. त्याच्याकडे मी परत येतो.

आता घड्याळ. माझ्या मते दूरस्थ काम करणाऱ्याच्या सुखदुःखात भाड्यापेक्षा याचा वाटा मोठा आहे. तुमची कंपनी पुण्याची. सकाळी दहाची मीटिंग म्हणजे हिवाळ्यात लिस्बनला पहाटेचे साडेचार. समुद्रकिनारी राहा नाहीतर किल्ल्यात, रोज चारला उठणारा माणूस वर्षभरात चिडचिडा होतो आणि घरातल्यांनाही करतो. उलट काम न्यूयॉर्कच्या क्लायंटचं असेल, तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे लिस्बनला दुपारचे दोन, आणि बेळगावात थंडीच्या दिवसांत संध्याकाळचे साडेसात. म्हणजे अमेरिकेचं काम करणाऱ्याला युरोप खरंच मानवतो आणि बँकॉक मुळीच मानवत नाही, कारण तिथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पुण्याचं काम असेल तर बँकॉक आपल्या दीड तास पुढे, मलेशियातलं पिनांग अडीच तास पुढे, मॉरिशस दीड तास मागे. मॉरिशसमध्ये तुमची दहाची मीटिंग सकाळी साडेआठला होईल आणि चार-साडेचारला लॅपटॉप मिटेल. पुढे उजेडाचे दोन तास मुलाबरोबर. राहणीमान म्हणतात ते बरंचसं त्या दोन तासांत असतं.

मग खर्च. इथे माझा आग्रह एकच, तक्ता दोन घरांचा मांडा. तुम्ही विमानात बसलात म्हणून बेळगावचं घर थांबत नाही. ३२ लाखांवर नव्या करपद्धतीने सेससह साधारण ५ लाख ३८ हजार कर जातो. पीएफ वगैरे जाऊन हातात महिना २ लाख १० हजारांच्या आसपास येत असणार. त्यातून फ्लॅटचा हप्ता ३४ हजार. आईवडिलांचं घर, वडिलांची औषधं, रक्ततपासण्या मिळून २५ हजार धरा. विम्याचे हप्ते, सोसायटीची पट्टी, घरपट्टी, वेळप्रसंग यांचे आठ हजार. झाले ६७ हजार. हे तुम्ही पिनांगला असा की खानापुरात असा, जाणारच.

आज तुमच्या दोघांच्या पगारातून हे ६७ हजार आणि स्वतःच्या घरचे पस्तीसेक हजार वजा केले, तर महिना एक लाख ३५ हजारांच्या घरात शिल्लक पडते. पिनांगला गेलात की पत्नीची नोकरी सुटते, कारण अशा पासवर जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही. २८ हजार तिथेच गेले. उरलेल्या एक लाख ४३ हजारांतून तिघांची वर्षातून एकदा येण्याजाण्याची तिकिटं आणि परदेशातला आरोग्यविमा यांचे महिना १५ हजार बाजूला काढा. पिनांगचा माझा अंदाज असा: सामानासह दोन खोल्यांचं घर २००० रिंगिट, वीज-पाणी-नेट ४००, किराणा आणि बाहेरचं खाणं १८००, फिरणं ४००, बालवाडी ८००, किरकोळ ६००. बेरीज ६००० रिंगिट, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. हातात राहिलं काय, दोनेक हजार रुपये. 'पिनांग स्वस्त आहे' हे वाक्य खरं आहे, आणि तुमच्या पगारावर तिथे शिल्लक शून्य पडते हेही तितकंच खरं आहे. थायलंडातलं चियांग माई थोडं कमी धराल, पण तिथे फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि रानं जाळल्याचा धूर शहरावर बसतो. लहान मूल घेऊन त्या महिन्यांत तिथे राहा, असं मी कुणाला सांगणार नाही. शिवाय भारतीय कार्डाने थाई एटीएममधून पैसे काढले की प्रत्येक वेळी दोनशेहून जास्त बाथ, म्हणजे सहाशे-सातशे रुपये, तिथली बँक कापते. आपली बँक विनिमयाची कापाकापी करते ती वेगळीच.

शिल्लक शून्य पडणं हे काही पाप नाही. एक वर्ष जग बघायचं, मुलाला समुद्र दाखवायचा, यासाठी कुणी सोळा-सतरा लाखांची बचत सोडायला तयार असेल तर तो त्याचा निर्णय आणि मी त्याचा मान राखेन. फक्त तो डोळे उघडे ठेवून घ्या. 'तिकडे स्वस्त म्हणून बचत होईल' या समजुतीवर घेऊ नका.

आणि तुमची मूळ तक्रार पावसाळ्यातल्या नेटची असेल, तर त्याचं औषध इथेच मिळतं. टिळकवाडी, हिंदवाडी भागात पंधरा-अठरा हजारांत चांगलं दोन बेडरूमचं घर भाड्याने मिळतं. तुमचा तर फ्लॅटच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे राहा, दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर जोडणी घ्या, इन्व्हर्टर बसवा. आईवडील तासाभराच्या अंतरावर, वडिलांना गरज पडली तर केएलई हॉस्पिटल शहरातच. परदेशात जाण्याची हौस आणि नेटचा त्रास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एकीचं बिल दुसरीवर फाडू नये.

हौस खरी असेल, तर आता मॉरिशसकडे येतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास सहा तासांचा. रस्त्यावर क्रेओल आणि फ्रेंच ऐकू येतं, पण सरकारी कामकाज इंग्रजीत चालतं. घरभाडं वीस-तीस हजार मॉरिशियन रुपये, म्हणजे आपले चाळीस ते साठ हजार. बेटावर बरंच काही बाहेरून येतं, त्यामुळे किराणा पिनांगपेक्षा महाग पडतो. नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो. पैशाच्या दृष्टीने ते स्वस्त नाहीच. पण घड्याळ जुळतं, उत्पन्नाची अट पेलते, आणि कराचा भाग तिन्हींत सोपा आहे: प्रीमियम व्हिसावर राहून तिथून केलेल्या कामाचा पैसा तुम्ही मॉरिशसच्या बँकेत आणलात तरच तिथे करपात्र होतो, भारतीय कार्डाने केलेला खर्च आणलेला पैसा मानला जात नाही.

थायलंड-मलेशियात मात्र करावर डोळेझाक करू नका. थायलंडात कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही तिथले कर-रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून रहिवाशाने बाहेरून देशात आणलेलं उत्पन्नही करपात्र धरलं जातं. मलेशियात अनिवासी राहून तिथे केलेल्या कामावर कर लागू झाला तर दर सरसकट ३० टक्के. आपल्या आणि त्यांच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात १८३ दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला सूट आहे, पण तिला अटी आहेत, आणि त्यातली एक तुमच्या कंपनीशी संबंधित आहे: तिची तिथे कायमस्वरूपी आस्थापना, म्हणजे कर लावता येईल अशी धंद्याची कायमची जागा, नसावी. तुमच्या तिथे बसण्यामुळेच ती निर्माण होते का, ही भीती पुण्यातल्या कंपनीच्या वित्त विभागाला असते. म्हणून ते 'कुठूनही काम करा' म्हणताना भारतातल्या भारतात असंच गृहीत धरतात.

भारताची बाजू बघू. वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलो की कर नाही, अशी समजूत सर्रास आहे आणि ती अर्धवट आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा मिळते हे खरं. एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसावं लागतं. पण तुम्ही त्याच पुण्याच्या कंपनीत, त्याच पदावर, नुसती खुर्ची हलवली, तर ते 'परदेशी नोकरीसाठी जाणं' ठरतं का, यावर वाद होऊ शकतो. तो तुमच्या विरुद्ध गेला तर ६० दिवसांची कडक मर्यादा लागते आणि त्या वर्षी तुम्ही भारताचे रहिवासीच ठरता. त्यात पगार भारतीय खात्यात जमा होत असेल, तर 'पैसा भारतात मिळाला' हा मुद्दा आणखी उभा राहतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, तरी दिवसांचं हे गणित तसंच आहे. परकीय चलनाच्या कायद्यात अनिवासी कोण, याची कसोटी वेगळी आहे, तिथे जाण्याचा हेतू बघतात. दीर्घ मुक्कामाच्या हेतूने गेलात तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. बहुतेक जण ते करत नाहीत आणि पुढे घराच्या व्यवहारात अडकतात.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी पाच महिन्यांच्या आत परत या. भारतातले दिवस १८२ च्या वर राहतील, तुम्ही रहिवासीच राहाल, कंपनी नेहमीप्रमाणे टीडीएस कापेल, आणि खाती, पीएफ, विमा कशालाच हात लावावा लागणार नाही. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिल-मेची सुटी असते. तुम्ही मार्चमध्ये जाऊन घर बघा, पत्नी आणि मुलगा सुटीत येऊ देत, शाळा उघडायच्या आत सगळे परत. पत्नीची नोकरी राहते, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. घरातल्या दुसऱ्या पगारदाराने राजीनामा देण्यापूर्वी हे करून बघणं मी जवळजवळ सक्तीचं मानतो. नवऱ्याला काम असतं, लॅपटॉप असतो, टीम असते. बायकोला परक्या गावात दिवस काढायचा असतो, तोही तिच्या शाळेशिवाय, मैत्रिणींशिवाय आणि कामाला येणाऱ्या मावशींशिवाय.

मुलाचं एक लक्षात असू द्या. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत, सीबीएसई धरून, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची आहे. बालवाडीच्या वयात वर्षभर बाहेर गेलात तर काही बिघडत नाही. तिसरी-चौथीपर्यंत बाहेर राहून बेळगावात परतलात, तर मराठी, इंग्रजी आणि कन्नड यांचं ओझं त्या पोरावर एकदम पडेल. जायचंच असेल तर आता जा.

कागदपत्रांवर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या सीमाभागातल्या माणसाची गाडी इथेच अडते. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्याआधीच्या पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगाम, नंतर काढलेल्या जन्मदाखल्यावर बेळगावी. परक्या देशाच्या व्हिसा अधिकाऱ्याला ती दोन गावं वाटतात. नावांचा घोळ त्याहून मोठा. समजा, एखाद्याचं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर त्याचं इंग्रजी स्पेलिंग 'डी-एन-वाय' ने सुरू होतं. आधार कन्नड नोंदीवरून बनलं असेल, तर 'जे-एन' किंवा 'जी-एन' ने. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनावाच्या जागी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आणि पॅनवर आडनाव आधी. चार कागदांवर चार माणसं. पासपोर्ट हा मूळ धरा आणि आधार, पॅन, बँक त्याच्याशी जुळवून घ्या. जे जुळवता येत नाही त्यासाठी 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. जुना हाताने लिहिलेला निव्वळ कन्नड जन्मदाखला असेल तर नवा द्विभाषिक काढून घ्या. लग्नाची नोंदणी सब-रजिस्ट्रारकडे झाली नसेल तर आधी ती करा, नाहीतर पत्नीला अवलंबित म्हणून व्हिसा मिळणार नाही. नुसत्या पत्रिकेवर आणि फोटोंवर काम भागत नाही. मॉरिशस अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मानतो. मलेशिया मानत नाही, तिथे वकिलातीचा शिक्का लागतो. राज्याच्या पातळीवरचं प्रमाणन बेंगळुरूला होतं, तेव्हा आठवडे हातात ठेवा.

विम्याबद्दल दोन शब्द. इथली आरोग्य पॉलिसी परदेशात सहसा चालत नाही, म्हणून लोक ती बंद करतात. करू नका. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे, पण पॉलिसी तुटली की ती पहिल्यापासून सुरू होते. वडिलांच्या पॉलिसीचा हप्ता तर ऑटो-डेबिटवर टाका.

सगळ्यात आधी करायचं काम मात्र एचआरकडून लेखी पत्र आणणं. मॅनेजर फोनवर 'जा की' म्हणाला, ते धरायचं नाही. पत्रात देशाचं नाव, तारखा, आणि क्लायंटच्या माहितीला तिथून हात लावायची परवानगी हवी. बँका-विमा कंपन्यांच्या कामात करारानेच डेटा देशाबाहेरून उघडायला मनाई असते, आणि तसं असेल तर हा सगळा बेत तिथेच संपतो. पत्र आलं तर पुढचं: भारतीय सिम चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. फ्लॅटसाठी आणि शेताच्या कामासाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र इथे असतानाच करून द्या. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्या मारत म्हाताऱ्या वडिलांना ती मुदत सांभाळायला लावू नये.